पहिल्या ओळीतली क्लॅरिनेटची जागा

पासष्टच्या लढाईत माझा धाकटा भाऊ गेला. फौजेत भरती होईपर्यंत तो माझ्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वरात पालघरची असो की केळव्याची, लोक सुपारी देताना आधी विचारायचे, "धाकटा येणार ना?" मालक मी, आणि चौकशी त्याची. मला राग यायचा. धंद्याला बरंही पडायचं.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, तसे बोईसरला परप्रांतातले कामगार आले आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. त्यांचा आणि पालघरचा सामना ठरला. मध्यंतरात आसपासच्या सगळ्या बँडनी मिळून माझ्या भावाला मानवंदना द्यायची, असं समितीच्या मनात आलं. अध्यक्ष माझ्याकडे आले. पेशाने वकील.

"सगळे बँड फुकट आणतो," मी म्हणालो, "पण कर्ण्यावरून सांगायचं, हा आमच्यातला क्लॅरिनेटवाला होता."

"अहो, शहीद जवान म्हणू की. वरातीत वाजवायचा, हे कशाला? शोभतं का?"

मी उठलोच. "मग वाजवायला तुमच्या कोर्टातली माणसं आणा."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: कर्ण्यावरून तो फक्त जवान. पण पहिल्या ओळीत, मधोमध, क्लॅरिनेटची एक जागा शेवटपर्यंत रिकामी चालणार. एवढं मी ओढून घेतलं.

तालमी शिरगावच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत. नवरदेवाच्या घोड्यापुढे रेंगाळत चालणारी ही माणसं. शिव्या घालून घालून त्यांच्या ओळी सरळ केल्या. रिकाम्या जागेचं अंतर पक्कं राहावं म्हणून तालमीत तिथे मी स्वतः चालायचो. सामन्याच्या दिवशी मात्र मला काठी घेऊन सर्वांच्या पुढे राहायचं होतं.

मध्यंतराची शिट्टी झाली. चारी कोपऱ्यांतून बँड निघाले, मधे मिळाले, ओळी बांधून पाहुण्यांच्या मांडवाकडे चालू लागले. माझी पाठ ओळींकडे. मांडवासमोर पोचून मी वळलो, तर पहिली ओळ गच्च भरलेली.

वरातीत कोणी पाणी प्यायला ओळीतून निघाला, की मागचा पुढे सरकतो. यजमानाला ओळीत भोक दिसता कामा नये. हे वळण मीच लावलेलं. मागचा सरकला, त्याच्या मागचा सरकला, आणि माझ्या भावाची जागा मागे मागे जात शेवटच्या ओळीपलीकडच्या गवतात संपली.

टाळ्या थांबेनात. "वा मास्तर! कुठे फट म्हणून दिसली नाही," अध्यक्ष म्हणाले. अट त्यांच्या लक्षातही नव्हती. कर्ण्यावरून ते एक वाक्य बोलले असते, तर मला या जागेचा सौदा करावा लागला नसता. हे मी आजही विसरलेलो नाही.

पहिल्या ओळीत सरकलेल्याची मी कॉलर धरली. भावानेच त्याला फुंक शिकवली होती.

"मालक, जागा मोकळी दिसली न् पाय आपसूक गेला," तो रडायलाच लागला. "तुमी येवढी वर्षं हेच सांगत आले ना?"

माझा हात सुटला.

एवढ्यात बायकांच्या बाजूने भावजय आली. कडेवर मुलगी. बाप गेला तेव्हा ती रांगतही नव्हती.

"दादा, त्यांची जागा कुठं व्हती? मला दिसलीच नाय. पोरीला दाखवायची हाय."

तोवर सामना पुन्हा सुरू झाला होता. मी मैदानाच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे एक खेळाडू खाली बसून बुटाची नाडी बांधत होता.

"तो बाबा?" पोरीने विचारलं.

भावजयीने तिचं तोंड आपल्या खांद्यावर दाबलं आणि गर्दीतून वाट काढत ती निघून गेली.