मीठ कमी

जालना जिल्ह्यात कुठल्या रस्त्याला काय चांगलं खायला मिळतं, हे मला विचारावं. भोकरदनकडे ठेचा कोण अजून पाट्यावर वाटतं आणि कोण मिक्सरमधून काढून पाट्यावरचा म्हणून वाढतं, परतूरकडच्या धपाट्यात तीळ असतात का, सगळं मला पाठ आहे. ऑफिसातल्या लोकांना वाटतं, याला फिरायची भारी हौस. हौस कसली डोंबलाची. चार वर्षं झाली, मी मुली बघत फिरतोय.

'मुली बघत' असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. आता बघायचं काम त्यांच्याकडे गेलंय. मुलीचा बाप बघतो, चुलते बघतात, दाराआडून आजी बघते आणि मुलगी तर आधीच मोबाइलवर बघून बसलेली असते. पहिल्या स्थळाला निघालो तेव्हा वडील म्हणाले होते, "जादा बोलू नको. खाली बघून बस." ही शिकवण पूर्वी पोरींना द्यायचे.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. स्टेशनच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. गावाकडे सहा एकर आहे, विहिरीला पाणी आहे, मी एकुलता एक. कागदावर स्थळ वाईट नाही. पण आमच्याकडच्या मुलींच्या बापांना जावयाच्या घरी शेती लागते आणि जावई शेतात चालत नाही. नोकरी लागते आणि प्रायव्हेट चालत नाही. "परमनंट हाय का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की झोपेतून उठवून विचारलं तरी मी मान खाली घालीन. ऑफिसात आम्ही शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याभराने किती उगवले ते मोजतो. तिथे निदान आठवड्यात निकाल लागतो.

कपड्यांचं मला आधी काही कळत नव्हतं. ते शिकवलं बाजारातल्या एका कापड दुकानदाराने. त्याचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले, पण हा बोलतो आमच्यासारखंच, थोडं हिंदी मिसळून. पहिल्याच खेपेला त्याने विचारलं, "भाऊ, ऑफिसला घालायचा का बघायला जायचा?" बघायला, म्हणालो. "मंग निळा बिलकुल नका घेऊ. निळा ट्यूबलाइटखाली मेल्यासारखा दिसते. हा मोतिया घ्या. समोरच्याच्या घरात उजेड कसा राहील, काय भरोसा." तेव्हापासून मोतियाच. बुटांची अक्कल मी माझी मीच शिकलो. बघायला जाताना बिनलेसचे बूट घालावेत. नाहीतर सगळं घर दारात उभं असतं आणि आपण उंबऱ्यापाशी वाकून गाठ सोडवत बसतो. एकदा बूट निघाला आणि मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला. त्या घरून नकार यायला दोन दिवसही लागले नाहीत.

खाण्याच्या फोटोंचं खूळ डोक्यात शिरलं ते कंटाळ्यातून. बैठकीत वडील आणि समोरचे बागायत किती, कोरडवाहू किती यावर बोलत बसायचे, आणि मी ताटलीकडे बघत. म्हणून एकदा फोटो काढला. घरी येऊन मोबाइलवर टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या. ऑफिसातल्या लोकांना आवडलं. मग दर खेपेला टाकायला लागलो, आणि बघता बघता माझं पान बघणारे हजारभर झाले, बहुतेक सगळे आपल्याच जिल्ह्यातले. कुठे गेल्तास, कुठलं हॉटेल, विचारायचे. मी म्हणायचो, घरगुती आहे. मुलीचं नाव कधी टाकलं नाही, चेहरा कधी टाकला नाही, गाव तेवढं टाकायचो. त्यामुळे आपण सभ्यपणे वागतोय असं मला वाटायचं. माझा एकेक शोध म्हणजे एकेक नकार होता, हे मला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही वाटूर फाट्याच्या अलीकडच्या एका गावी गेलो. घर चांगलं, माणसं बोलकी. मुलगी ट्रे घेऊन आली तेव्हा तिचे हात इतके कापत होते, की कोथिंबीर ट्रेभर सांडली. ताटलीत सुशीला होती. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाण्याची फोडणी देऊन आमच्या मराठवाड्यात करतात ती. वर दाण्याचा कूट. मी दोनदा घेतली. मुलीच्या आईने दारातून विचारलं, "मीठ बराबर हाय का?" हे प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच. मी म्हणालो, "एकदम बराबर." आणि ते खरं होतं.

मुलगी मला आवडली होती. घरचेही हसून बोलले, फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडीत वडिलांनी कार्यालय कुठलं बघायचं, इथपर्यंत विषय नेला. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला. माणसं चांगली आहेत, पण मुलगी म्हणते प्रायव्हेट नको.

त्या दिवशी मला फार राग आला. आधीचे नकार गिळले होते, हा गिळवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी त्या दिवशी काढलेला ताटलीचा फोटो पानावर टाकला आणि खाली लिहिलं, "वाटूर फाट्याजवळ. सुशीला. फोडणी झकास, मीठ कमी. वाढणारीचे हात थरथरत होते, मीठ बहुतेक वाटेतच सांडलं." खाली हसण्याची चिन्हं पडली. कुणीतरी लिहिलं, नवरा मिळाला का मग तिला. मी त्यालाही हसण्याचं चिन्ह दिलं. डबा उघडून जेवलो आणि विसरून गेलो.

यंदा होळी झाल्यावर केदारखेड्याचं स्थळ आलं. मुलगी औषधनिर्माणाची पदविका घेतलेली, भोकरदनला मेडिकलवर कामाला. फोटोत ती हसत नव्हती आणि तेच मला बरं वाटलं. बैठकीत तिने माझ्याकडे सरळ बघितलं. ट्रे ठेवताना तिचा हात जराही हलला नाही. तिच्या वडिलांनी परमनंटचं विचारलं, तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या ना बाबा." चार वर्षांत माझ्या बाजूने कुणी अर्धं वाक्य बोललं नव्हतं. मी मनातल्या मनात तिथेच संसार मांडला. स्टेशनमागच्या खोलीत पलंग कुठे सरकवायचा तेही ठरवून टाकलं.

मग, "दोघांना बोलू द्या पाच मिनिटं," असं कुणीतरी म्हणालं आणि आम्हाला वर पाठवलं. स्लॅबवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या खकाण्याने मला ठसका लागला. ती खोकला थांबेपर्यंत उभी राहिली.

"तुम्ही खाण्याचे फोटो टाकता ना?" ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला, की काय सांगू. "बघता का तुम्ही?"

"सगळे बघितले. एक दाखवते." तिने मोबाइल काढला आणि वाटूरची सुशीला माझ्यापुढे धरली. मग दोन बोटांनी ताटलीचा काठ मोठा केला. स्टीलच्या काठावर बारीक टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं. भांडी बदलू नयेत म्हणून सगळेच टाकून घेतात तसं, पूर्ण नाव आणि खाली गाव. "हे माझ्या मामाचं नाव हाय."

फोटो मी काढला होता, दहादा बघितला होता. ते नाव मला कधी दिसलं नव्हतं.

"आमच्या पूर्ण भावकीत फिरला हा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या मामेबहिणीला आता लहान पोरंबी 'मीठ कमी' म्हणतात. मंग एक स्थळ आल्तं, त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, हीच का ती हात थरथरणारी. ती उठून आत गेली. तवापासून कुणाच्या समोर येऊन न्हाई राह्यली."

मी वाळत घातलेल्या मिरच्यांकडे बघायला लागलो.

"एवढंच विचारायचं होतं. खरंच कमी होतं का मीठ?"

खरं बोलायची ती वेळ होती. मला ते कळतही होतं. पण खाली वडील बसले होते, ती समोर उभी होती, पलंग कुठे ठेवायचा ते ठरलं होतं, आणि मी म्हणालो, "थोडं कमी होतं. म्हणजे, मला तसं वाटलं."

तिने मोबाइल बंद केला. "मी त्या दिवशी तिथंच होते. चुलीजवळ. सुशीला मी केल्ती, ती नुसती घेऊन आल्ती. तुम्ही दोनदा मागून घेतली." ती जिन्याकडे वळली. "खाली मी न्हाई म्हणून सांगते. हे काही सांगणार न्हाई. नोकरीचं सांगीन."

आणि तिने तसंच केलं. निरोप आला तो नोकरीचाच. वडील फोन ठेवून अंगणात जाऊन बसले. मग म्हणाले, "माझंच चुकलं. तुला बारावीनंतरच भरतीच्या परीक्षेला बसवायला पाह्यजे होतं. मी शेतात अडकवून ठेवलं." मी म्हणालो, जाऊ द्या आता. त्यांना खरं कारण सांगावं असं वाटलं, दोनदा तोंड उघडलंही. सांगितलं नाही. ते अजून स्वतःलाच दोष देतात आणि मी देऊ देतो. माझ्याइतका नालायक शोधून सापडायचा नाही, असं मी रागाने म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो.

पान मी त्याच दिवशी बंद केलं. त्याने काही झालं नाही. फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये आधीच गेला होता. एकदा मोटरसायकल काढून वाटूर फाट्यापर्यंत गेलो. टपरीवर चहा घेतला. तिथून त्या गावाचा रस्ता दिसतो. जाऊन काय सांगणार होतो? ज्याला नाकारलं तो पोरगा एकटाच पुन्हा दारात उभा, एवढंच गावाला दिसलं असतं, आणि तिच्या नावावर आणखी एक गोष्ट चढली असती. दुसरा चहा घेतला आणि परत आलो. त्या चहाची चव मला आठवत नाही.

स्थळं मात्र येतच राहतात. वडील थकत नाहीत. गेल्या महिन्यात घनसावंगीकडे गेलो. मोतिया शर्ट, बिनलेसचे बूट. मोबाइल गाडीतच ठेवला. ओसरीत बसलो, पाणी आलं. मग ट्रे आला. ट्रेमध्ये दुकानातून आणलेली थंड पेयाची बाटली, कागदाचे पेले आणि बिस्किटाचा पुडा. पुडा फोडलेलाही नव्हता. ताटली नव्हतीच.

मुलीची आई दाराशी उभी होती. "घरचं काही केलं न्हाई. राग नका मानू. पोरगी म्हणली, ह्या पाव्हण्यांना पुड्यातलंच द्या."

वडील हसले. "अहो, चालतंय की. एवढ्या उन्हात कशाला चूल पेटवायची." त्यांना खरंच काही कळलं नाही. त्यांनी पुडा फोडला, दोन बिस्किटं माझ्या हातात दिली आणि कोरडवाहू किती, बागायत किती ते सांगायला लागले.

चूल पेटलेली होती. आतून फोडणीचा वास येत होता. कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे. घरच्यांसाठी सुशीला होत होती. मी खाली बघून बिस्किटं खाल्ली. चार वर्षांत किती घरी बसलो असेन, मोजलं नाही. पण या एकाच घरात मला मिठाचं कुणी विचारलं नाही.