हार्लन वॉयचिकची खुर्ची

अमेरिकेतल्या मिलवॉकीत हार्लन वॉयचिकला दोन नावं होती. गल्लीत तो हार्लन, आणि हाय-फाय मंडळात ‘पिंप’. दुसरं नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढे त्याने राहत्या घराचं जे करून ठेवलं ते निव्वळ खूळ वाटेल. खूळ होतंच, पण निव्वळ नव्हतं.

मंडळ म्हणजे डझनभर उतारवयाचे पुरुष. महिन्याच्या एका रविवारी कुणा एकाच्या घरी जमायचं. फुटबॉलचा महत्त्वाचा सामना असला तर शनिवारी, तेवढी अक्कल त्यांना होती. यजमानाने आपली रेकॉर्ड वाजवायची यंत्रं आणि स्पीकर लावायचे. प्रत्येकाने मधल्या खुर्चीत एकट्याने बसून एक तुकडा ऐकायचा, तोवर बाकीच्यांनी भिंतीला टेकून चिडीचूप उभं राहायचं. उठताना एकच शब्द बोलायचा. ‘स्वच्छ’. ‘कोरडं’. ‘मऊ’. त्या शब्दावर यजमानाची अब्रू. संगीत कुठलं होतं हे घरी जाताना कुणाला आठवत नसे, कारण ते ऐकायला कुणी आलेलंच नसे.

हार्लनची पाळी आली तेव्हा त्याने वडिलांची रेकॉर्ड लावली. स्टॅनली वॉयचिक आठवडाभर कातड्याच्या कारखान्यात राबायचे आणि शनिवारी लग्नांतून ट्यूबा वाजवायचे, ते अंगाभोवती वेटोळं घालून बसणारं पितळी धूड. चर्चच्या बँडने जन्मात एकच रेकॉर्ड काढली, आणि तिच्यात तळाशी स्टॅनली होते. मंडळाचा अध्यक्ष ड्वेन कुस्टर, निवृत्त दातांचा डॉक्टर, खुर्चीत बसला, डोळे मिटले, उठला आणि म्हणाला, “पिंप.”

सगळे खो खो हसले, आणि हार्लनला तेच नाव चिकटलं. खर्ज पिंपात बोलल्यासारखा घुमत होता, हे खरंच होतं. पण हार्लनच्या कानांना वेगळंच ऐकू आलं. बापाला पिंप म्हटलं!

हा माणूस जन्मभर शहराचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवत होता. त्या घरघराटात त्याच्या कानांचा वरचा मजला केव्हाच रिकामा झाला होता. कानाच्या डॉक्टरिणीने कागदावरची रेघ दाखवून सांगितलं होतं, की बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आता तुमच्यासाठी नाहीतच. तरीही त्याने बारीक आवाजांसाठीच प्रसिद्ध असलेले स्पीकर आणले. ॲर्डिस, त्याची बायको, म्हणाली, “ऐकू कोणाला येणार ते?”

“ड्वेनला.”

“मग त्याच्याच घरी नेऊन ठेव की!”

यंत्रं बदलून बदलून झाली तरी पिंप जाईना. तेव्हा हार्लनला ज्ञान झालं की दोष यंत्रांचा नाही, खोलीचा आहे. बायकांनी अशा ज्ञानापासून सावध राहावं. यंत्रांपुरतं होतं तोवर घर सुरक्षित होतं. आता पुढच्या खोलीतला जांभळट सोफा “आवाज खातो” म्हणून गॅरेजमध्ये गेला. काचेचं कपाट “खणखणतं” म्हणून तळघरात गेलं. पडदे गेले, गालिचा गेला. मग खोली रिकाम्या टाकीसारखी घुमायला लागली, म्हणून आवाज खाण्यासाठी त्याने भिंतींवर जाड करडे तक्ते ठोकले. म्हणजे जे काम सोफा फुकट करत होता, त्यासाठी तक्ते विकत आणले. ॲर्डिसने हे बोलून दाखवलं.

“अगं, सोफा मोजमाप करून खात नव्हता,” हार्लन म्हणाला.

सोफा साधा नव्हता. सकाळची कॉफी घेऊन ॲर्डिस त्यावर बसायची आणि खिडकीतून अख्खी गल्ली नजरेखालून घालायची. कुणाची मुलगी कुणाच्या गाडीतून उतरली, कुणी बर्फ न काढताच दार लावलं, सगळा कारभार तिथून चालायचा. आता ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, आणि तिथल्या खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसायचं.

एका सकाळी ती पुढच्या खोलीत आली आणि जागच्या जागी थबकली. खोलीच्या मधोमध खुर्ची, आणि तिच्यात राजासारखा बसलेला खर्जाचा डबा, म्हणजे नुसता खर्ज काढणारा स्पीकर, गुरगुरणारा. हार्लन गुडघ्यांवर रांगत होता, कान जमिनीला टेकवत, कोपऱ्याकोपऱ्यात थांबत.

“काय हरवलंय?” ॲर्डिसने विचारलं.

“खर्ज शोधतोय. डबा खुर्चीत ठेवायचा आणि आपण रांगायचं. जिथे सगळ्यात छान ऐकू येईल, तिथे डबा ठेवायचा. सगळे असंच करतात.”

“डॉक्टर कुस्टरसुद्धा रांगतो?”

“सगळ्यात आधी तोच रांगला.”

तेवढ्याने तिची सकाळ बरी गेली. हार्लन रांगत रांगत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला, तशी तिने झाडू आडवा धरला. “पुढे यायचं नाही. फरशी आत्ताच पुसलीय.”

“मला यायचंच नाहीये. स्वयंपाकघर हिशेबात धरत नाहीत.”

“का बरं? तुझे वडील वाजायला लागले की माझ्या बशा थरथरतात. इथे सिंकपाशी उभं राहिलं ना, की म्हातारा शेजारीच उभा आहे असं वाटतं.”

“फळी सैल झाली असेल, आवळून देतो,” हार्लन म्हणाला, आणि परत फिरून तक्त्यांकडे रांगत गेला.

त्याची पाळी पुन्हा जवळ आली तशी ॲर्डिसने पैज मांडली. “या वेळी तुझं मंडळ चांगला शब्द बोललं, तर पुढची खोली कायमची तुझी. मी ब्र काढणार नाही. नाही बोललं, तर सोमवारी माझा सोफा आत, आणि तुझी खुर्ची बाहेर.”

“चांगला शब्द कुणी ठरवायचा?”

“ड्वेनने. मला काय, नावं ठेवणारा तोच, म्हणजे माझ्याच बाजूचा.”

हार्लनने हात पुढे केला. पिंप घालवण्यासाठी त्याने खुर्ची मागच्या भिंतीपासून ओढून बरोब्बर मध्यावर आणली होती. घुमणं गेलं होतं. खुर्चीशी स्टँडवर मायक्रोफोन लावून त्याने संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट केली होती. रेकॉर्ड मात्र त्याने लावली नव्हती. ती रविवारसाठी राखली होती.

रविवारी मंडळी आली. बूट काढले, तक्त्यांवर टकटक केली, माना हलवल्या. ॲर्डिसने स्वयंपाकघरात हॅम भरलेले कडक पाव, बटाट्याची कोशिंबीर, लोणच्याच्या काकड्या मांडल्या होत्या. बिअरही होती. पण आधी ऐकायचं, मग खायचं, असा नियम.

ड्वेन खुर्चीत बसला. हार्लनने सुई टेकवली. क्लॅरिनेट आली, झांजा आल्या, हातपेटीसारखी कॉन्सर्टिना आली. हार्लन भिंतीशी उभा होता. कडवं संपलं. ड्वेन उठला, त्याने चष्मा पुसला. माणूस दुष्ट नव्हता, अचूक होता.

“रिकामं,” तो म्हणाला.

“म्हणजे?” नियम मोडून हार्लन बोलला.

“अरे लेका, बस की स्वतः.”

हार्लन बसला. बँड होता, लग्न होतं, नाच होता, पण खाली कुणी नव्हतं. घुमणं घालवता घालवता त्याने बापालाच खोलीतून घालवलं होतं. खोलीच्या ऐन मध्यावर खर्जाच्या लाटा एकमेकींना मारून टाकतात, आणि त्याने खुर्ची नेमकी तिथे आणली होती. पडद्यावरची रेघ सपाट करता करता तळच पडद्याबाहेर राहिला होता.

बाकीचे एकेक बसले. “रिकामं.” “पोकळ.” एकाने दयेपोटी “हवेशीर” म्हटलं, ते सगळ्यात जास्त लागलं. ॲर्डिस उंबऱ्यात उभी होती. तिने मनात सोफ्याला खोळसुद्धा निवडली असणार.

“चला रे, खाऊन घ्या आता,” ती म्हणाली.

हार्लन खुर्चीतच बसून राहिला. रेकॉर्ड थांबवायचंही त्याला सुचलं नाही. मंडळी आत गेली आणि मग बराच वेळ कुणी बाहेर येईना. पाव चावल्याचा आवाजही येईना. मग ड्वेनची हाक आली, “हार्लन! इकडे ये. पटकन! नाही, रेकॉर्ड पहिल्यापासून लाव, मग ये.”

तो गेला. स्वयंपाकघरात डझनभर म्हातारे सिंकपुढे रांग लावून उभे होते. रांगेच्या तोंडाशी ड्वेन, हातात अर्धा खाल्लेला पाव, डोळे मिटलेले. रॅकमधल्या बशा थरथरत होत्या.

“सरक,” हार्लन म्हणाला.

त्याने सिंकच्या कडेवर हात टेकवले. आणि खालून, टाचांतून, बाप वर आला. पोट सुटलेला, सदऱ्याची बटणं ताणलेला, एकेक पाऊल टाकत येणारा. पिंप नाही, काही नाही. स्टॅनली वॉयचिक, शनिवारची संध्याकाळ.

“गोल,” ड्वेन म्हणाला. मंडळात हा शब्द आजवर कुणाला मिळाला नव्हता. रांगेतून पुटपुट झाली, “गोल, गोल.”

हार्लनने नाक पुसलं आणि ताबडतोब माणसात आला. “ॲर्डिस! ऐकलंस ना? ड्वेनने चांगला शब्द दिला. पुढची खोली माझी.”

“कुठे उभा राहून दिला?”

“इथे...”

“मग हे स्वयंपाकघर जिंकलंय. पुढच्या खोलीला ‘रिकामं’ मिळालंय, मी कानांनी ऐकलंय. काय हो डॉक्टर?”

ड्वेनने तोंडात पाव कोंबला आणि मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. त्यांना कोशिंबीर आणखी हवी होती.

“आणि एवढे दिवस मी सांगतेय बशांचं,” ॲर्डिस म्हणाली. “म्हणे फळी सैल झालीय.”

सोफा आत आला. सोमवारची वाट तिने बघितलीच नाही. मंडळीच होती हाताशी, त्यांच्याकडूनच आणवला. त्या वेळी हार्लन सिंकपाशी कान लावून उभा होता आणि ओरडत होता, “थोडा डावीकडे! अजून! तिथे खर्ज भरतोय!” सोफा उजवीकडे, खिडकीपाशी गेला. तिथून गल्ली दिसते.

आता रोज जेवणं आटोपली की ॲर्डिस सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि कोण कुठे गेलं ते बघते. हार्लन रेकॉर्ड लावतो, बाह्या वर करतो आणि सिंकपाशी उभा राहतो. नुसतं उभं राहायला तिची परवानगी नाही. तिथे उभं राहायचं तर भांडी घासायची. दोन माणसांची भांडी ती किती? बँडचं शेवटचं कडवं यायच्या आत संपतात. मग तो कपाटातून धुतलेल्या बशा काढतो आणि पुन्हा धुवायला घेतो.