पिवळ्या गाडीची डावी बाजू

एक व्रत मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून धरलं होतं. चवथीचे दिवस होते. मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होते आणि तीन वर्षांची सुलक्षा मागून कधी येऊन कढईला लागली, कळलंच नाही. उकळतं तेल तिच्या डाव्या गालावर उडालं. डोळा राहील की जाईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आणि त्याच सकाळी मी शेजारच्या नव्या सुनेच्या नाकावरून सासूबाईंना पोट धरून हसवलं होतं! बाकावर मला तेवढंच आठवत राहिलं. सातेरीदेवीला म्हटलं, "आई, डोळा तेवढा राख. यापुढे मी कुणाच्या रूपाला नाव ठेवणार नाही. माणसाच्या नाही, जनावराच्या नाही, वस्तूच्याही नाही."

डोळा राहिला. गालावरचा डागही राहिला. सुलक्षा आता पंचवीस वर्षांची आहे आणि व्रत चालू आहे.

पण देवीची लीला बघा. असं व्रत धरलेल्या बाईच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दर रविवारी सकाळी चार पुरुष बसतात आणि गाड्यांच्या रूपाला नावं ठेवतात. दुसरं काही करतच नाहीत! आमचं घर गोव्यात, कोरगावला. बाजूलाच माझा दीर प्रसाद याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, म्हणून ही बैठक आमच्याकडे. माझे यजमान वाळपईला नोकरीत. रविवारी ते बाजाराला जातात आणि सुटतात. चहा आणि उंडे पाव पुरवायला मी सापडते. फणसाच्या आठळ्या साठतात ना, एकेक बाजूला ठेवता ठेवता डबा भरतो, तसे या बैठकीचे किस्से माझ्याकडे साठलेत.

*

या मंडळींचं वेड एकाच जातीच्या गाडीचं. त्यांच्या भाषेत हॉट हॅच. म्हणजे दिसायला घरगुती, मागून आखूड गाडी, पण आत दांडगं इंजिन आणि अंगावर हा एवढा नखरा.

प्रसादने तसली एक सेकंडहँड आणली. पिवळीधमक, छत काळं, दिवे तिरके, पुढची जाळी जमिनीपर्यंत उघडलेली. सगळे भोवती फिरले. डिचोलीचे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, ते सर्वांत आधी बोलले. "ही गाडी नाही, बिळातून ओढून काढलेली कुर्ली आहे! आणि अंगावर रेषा किती? मुलाने कागद फाटेपर्यंत गिरवावं, तसं केलंय."

केरीचा सावियो म्हणाला, "रागावल्यासारखी दिसता. कुणी काय केलां तिका?"

प्रसादचं तोंड एवढंसं झालं. तो माझ्याकडे वळला. "वयनी, तू तरी सांग."

आता आली का पंचाईत! खोटं बोलायचं नाही आणि नावही ठेवायचं नाही. मी दोन फेऱ्या मारल्या आणि म्हटलं, "शेतात उभी केलीस तरी लांबून सापडेल."

तेव्हापासून कुठलीही नवी गाडी आली की आधी तिला वयनीचं सर्टिफिकेट लागतं.

*

त्या पिवळीच्या बंपरला दोन्ही बाजूंना हवा आत जायला मोठाली भोकं होती. मास्तरांनी एकात बोट घातलं. बोट आत जाईना!

"खोटी आहेत! आत प्लास्टिक. नुसता देखावा!"

बराच वेळ त्या भोकांचा उद्धार चालला. मग सावियो म्हणाला, "मास्तर, माझ्या आज्याच्या घराला वारो येऊक चार जनेलां. त्यातलां एक खोटां. मागे भिंत आसा. तीनच बरी दिसणार नाहीत म्हणून त्याने चौथां काढून घेतलां. साठ वर्षां आमी ते जनेल दर नाताळाक रंगवतो. त्याका कोणी खोटारडां म्हणूक नाय."

मास्तरांनी बोट काढून घेतलं.

दसऱ्याला गाडीची पूजा मीच केली. झेंडूचं एकेक टपोरं फूल त्या भोकांत असं घट्ट बसलं, की म्हापशाला जाऊन आली गाडी, फूल हललं नाही. मास्तर बघून म्हणाले, "बरं झालं, कुणालातरी आत प्रवेश मिळाला!"

*

चौथा संग्राम. कोल्हापूरकडचा, तुयेच्या कारखान्यात नोकरीला. त्याच्या लाल गाडीला मागे आडव्या फळीसारखा एवढा मोठा स्पॉइलर, की सावियोने विचारलं, "यावर पंगत बसता काय रे?"

संग्राम म्हणाला, "हसा, हसा! एकदा वेग घेतला की हाच गाडीला खाली दाबून धरतोय. वहिनी, तुम्ही सांगा, कसा दिसतोय?"

मी म्हटलं, "ऊन चांगलं येतं तिथं." मेचा महिना होता. मी आतून कोकमाच्या सोलांनी भरलेलं सूप आणलं आणि वाळायला स्पॉइलरवर ठेवलं. कोंबड्या पोचत नाहीत अशी जागा मला अंगणात दुसरी नव्हतीच.

मास्तरांनी हात जोडले. "अखेर डिझाइनरचा हेतू कळला!"

संग्रामला त्या दिवशी सावंतवाडीला जायचं होतं. ऊन कलेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही. मध्ये एकदा उठून सोलां परतूनही आला.

*

सुलक्षा या बैठकीत कधी येत नसे. चहाचा ट्रे दाराच्या फटीतून पुढे करायची. बाहेर दिसायचा फक्त हात. आतून सगळं ऐकायची मात्र. कधी कधी मास्तरांच्या बोलण्यावर आतून फिसकन हसू यायचं आणि मला बरं वाटायचं.

सावियो लग्नाबिग्नाचे फोटो काढतो. एका रविवारी तो गाड्यांचे फोटो कसे काढावे ते सांगत होता. "कितीही वाकडी गाडी असो, एक बाजू बरी असता. तीच दाखवायची. दुसरी बाजू लोक घरी नेल्यावर बघतात!"

सगळे हसले. फटीतून ट्रे आला होता, तो मध्येच थांबला. मी उठून घेतला. दार लागलं.

सावियोने चहा अर्धा ठेवला आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आधी मागच्या दाराला आला. "सॉरी गो बाये. मी गाडीचां बोलत होतो."

"मीही गाडीचंच समजले," सुलक्षा आतूनच म्हणाली. "साखर किती घालू?"

*

आता माझा किस्सा. हा सांगताना मला हसू येत नाही.

मास्तरांनीच डिचोलीचं एक स्थळ आणलं. मुलगा शिकलेला, माणसं साधी. "आधी फोटो पाठवा," एवढंच त्यांनी सांगितलं. मागे दोन ठिकाणी फोटो पाठवला होता तेव्हा होकार आला होता. मग माणसं घरी आली, चहा पिऊन गेली, आणि पुन्हा फोन आला नाही.

सुलक्षा साडी नेसून तुळशीपाशी उभी राहिली. मी मोबाइल धरला आणि म्हटलं, "केस जरा पुढे घे गो."

तिने केस पुढे घेतले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आई, तुझं व्रत फक्त गाड्यांसाठी आहे?"

फोटो काढला नाही. मी देवघरात जाऊन बसले. शाळेत जाताना, हळदीकुंकवाला, मामाच्या लग्नात, कॉलेजच्या पहिल्या दिवशी... प्रत्येक वेळी उंबऱ्यावर मी तेच वाक्य म्हटलं होतं. बावीस वर्षं मी व्रत पाळलं असं देवीला सांगत होते. आणि देवीही ऐकून घेत होती.

*

त्या दिवसानंतर सुलक्षाने प्रसादला सांगितलं, "काका, मला पिवळी चालवायला शिकव."

आठव्या दिवशी तिने गाडी आमच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला घासली. डाव्या अंगाला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत तीन ओरखडे. प्रसाद हसला. "अर्ध्या दिवसाचं काम. कळणारसुद्धा नाही."

"राहू दे, काका."

"अगो, रंगाचं दुकान माझं! लोक काय म्हणतील?"

"राहू दे."

रविवारी मास्तर आले. आता ते काय म्हणणार म्हणून मी दाराशीच थांबले. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "या गाडीवर पहिल्यांदाच एक खरी रेष आली!"

आतून हसू आलं. मोठ्याने!

त्यानंतरच्या रविवारी मंडळींनी केरीला जायचं ठरवलं. फेरीच्या धक्क्यावर गाड्या लावायच्या, समोर नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला, आणि सावियो फोटो काढणार. पिवळी सुलक्षा चालवत होती. मी शेजारी बसून जप करत होते.

सावियो एकेक गाडी लावून घेत होता. संग्रामची लाल अशी, स्वतःची निळी तशी. पिवळीपाशी येऊन तो हाताने खुणा करायला लागला. "बाये, फिरव, फिरव! ओरखडे हय दिसतात. उजवी बाजू कर."

सुलक्षाने गाडी मागे घेतली, वळवली, आणि पुन्हा आणून तशीच उभी केली. डावी बाजू कॅमेऱ्याकडे.

मग ती उतरली. नदीवरून भणाण वारा येत होता. तिने केस गोळा केले, मागे घट्ट अंबाडा घातला, आणि दाराला टेकून उभी राहिली. डावा गाल कॅमेऱ्याकडे.

माझा हात उठला होता. सवयीने. तो तिच्या केसांपाशी पोचलाही. मी माझ्या अंबाड्यातला अबोलीचा वळेसर काढला आणि तिच्या अंबाड्यात माळला.

संग्रामने टोपी काढली. मास्तर नदीकडे बघत होते. सावियोने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बराच वेळ तसाच धरून राहिला.

"काय झालं?" सुलक्षाने विचारलं. "बाजू चुकली?"

"ना गो," तो म्हणाला. "हालू नको. बरोबर आसा."

घरी येताना ती म्हणाली, "आई, डिचोलीला हाच फोटो पाठव."

मी पाठवला.

तुम्हीही एखादा चातुर्मास हे व्रत धरून बघा. माणसं एकदम जमत नसतील, तर गाड्यांपासून सुरुवात करा.