लाभ, दोन, तीन

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या वहीत सात कामं लिहिलेली होती. बिघडलेला माऊस बदलणे. इन्व्हर्टर पाहणे. खुर्च्या मोजणे. प्रश्नपत्रिकेच्या बारा प्रती, उमेदवार अकरा असले तरी. अशी सात. सातही कामांपुढे खूण करून मी वही मिटली. आठवं काम मला सुचलंच नव्हतं: मी स्वतः लिहिलेलं उत्तर एकदा तपासून पाहणं.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी नवशिक्यांना पायथॉन शिकवते. त्याआधी वीस वर्षं टायपिंग शिकवत होते. मशीन बदललं, मी बदलले नाही. वेळेवर या, बोटं हलवा, चूक झाली तर लपवू नका, हे तिन्ही नियम तसेच आहेत.

बॅच संपली की चाचणी असते. पन्नास गुणांची, तीस मिळाले की उत्तीर्ण. तिचा पेपर आमच्या मुख्य कार्यालयातून तयार होऊन यायचा, इंग्रजीत. त्यात कुणीतरी मित्रांना बिस्किटं वाटत असायचं आणि कुणीतरी विमानतळावर सामान तोलत असायचं. माझ्या वर्गात विमानतळ पाहिलेला एकच उमेदवार होता, तोही बहिणीला सोडायला गेलेला. मी आमच्या संचालकांना सांगितलं, यावेळी पेपर मी काढणार, मराठीत.

संचालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नुकतेच पुण्याहून आलेले. "मॅडम, तो स्टँडर्ड पेपर आहे," ते म्हणाले.

"असेल. पण मला यांचं पायथॉन तपासायचंय, इंग्रजी नाही."

त्यांनी खांदे उडवले. मी त्याला होकार समजले.

पाच प्रश्न काढले. एकात आंब्याच्या पेट्या, एकात एसटीचं वेळापत्रक, एकात बांगड्यांचे वाटे, एकात पावसाचं माप. पाचवा मला सगळ्यांत आवडलेला होता. "पाच पायली तांदूळ मोजायचे आहेत. प्रत्येक पायली ओतताना मोजणारा तोंडाने काय म्हणेल, ते एकाखाली एक छापा." यातून कळायचं ते एवढंच, की एकच ओळ पुन्हा पुन्हा चालवायला, म्हणजे लूप लिहायला जमतंय का. उत्तर म्हणून मी तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं: एक ते पाच आकडे, पाच ओळींत.

त्या बॅचमध्ये एक बाई होत्या, चाळिशीच्या. नवरा मुंबईला नोकरीत, सासर संगमेश्वरच्या बाजूला आत, आणि या स्वतः शहराबाहेरच्या एका आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत निवडीच्या टेबलावर. पाळीभर उभं राहायचं, हात सतत ओले. फॅक्टरीने सांगितलं होतं की टेबलावरच्या बायकांपैकी जी पायथॉनची पहिली चाचणी उत्तीर्ण होईल, तिला नोंदणीच्या खोलीत घेऊ. तिथे वजनकाट्यांवरून येणाऱ्या नोंदी संगणकावर लावायच्या होत्या. खुर्ची एकच. नाव शनिवारी सकाळी कळवायचं. नाहीतर बाहेरून माणूस आणणार. टेबलावरच्या बायकांपैकी वर्गाला आल्या त्या या एकट्याच. पाळी संपवून यायच्या, पदराला हात पुसून कीबोर्डाला लावायच्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, आकड्याला मी भीत नाय. बटनाला भितंय." महिन्याभरात बटनाचीही भीती गेली.

चाचणी चालू असताना त्यांनी हात वर केला.

"मॅडम, हितं मराठी अक्षर कसं उमटवायचं?"

मी कीबोर्ड बदलून दिला. वाटलं, नाव लिहायचं असेल. पुढे गेले.

शुक्रवारी दुपारी सॉफ्टवेअरने निकाल दिला. अकरापैकी नऊ उत्तीर्ण. बाईंना चोवीस. पहिल्या चार प्रश्नांत चाळीसपैकी चोवीस, आणि पाचव्यात शून्य.

ज्यांनी पाचव्यात दहापैकी दहा मिळवले त्यांतल्या एकाने लूप लिहिलाच नव्हता. एक छापा, दोन छापा, तीन छापा, अशा पाच ओळी हाताने टंकून मोकळा झाला होता. सॉफ्टवेअर फक्त पडद्यावर काय उमटलं ते बघतं, कसं उमटलं ते नाही. मग मी बाईंचं उत्तर उघडलं. व्यवस्थित लूप. लूपच्या आत अट: आकडा एक असेल तर अमुक छाप, नाहीतर आकडा छाप. लूपच्या आत अट घालणं मी वर्गात नीट शिकवलंही नव्हतं. आणि पडद्यावर उमटलं होतं:

लाभ
2
3
4
5

मी खुर्चीत मागे टेकले. लहानपणी आमच्या दारात तांदूळ विकायला एक म्हातारी यायची. मापटं भरून ओतताना ती "लाभ" म्हणायची, मग "दोन", "तीन". मला वाटायचं, लाभ म्हणजे वरचं, फुकटचं माप. खरी मोजणी त्यानंतर सुरू होते. एकदा ती "पाच" म्हणाली तेव्हा मी ओरडले होते, "चारच झाली! आई, ही फसवते!" म्हातारी हसून हसून खाली बसली होती. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतं, हे मला त्या दिवशी आईने समजावलं. आणि पन्नाशी उलटल्यावर मी पेपरात लिहिलं, "मोजणारा तोंडाने काय म्हणेल", आणि उत्तर दिलं, एक.

म्हणजे अकरा जणांत प्रश्न नीट वाचलेला माणूस एकच होता. तोच नापास.

निकाल एकदा लागला की उत्तर बदलायला संचालकांची सही लागते. मी प्रत काढली, वहीत तीन मुद्दे लिहिले आणि त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी कागद पाहिला. "लाभ? हे काय आहे?"

मी सांगितलं.

"मॅडम, छान आहे, इंटरेस्टिंग आहे. पण पायथॉनला लाभ कळत नाही."

"पायथॉनला 'एक'सुद्धा कळत नाही, सर. सांगू ते तो छापतो."

"उद्या कुणी काहीही छापेल आणि म्हणेल आमच्या गावात असंच म्हणतात."

"मग त्याला विचारू, कुठल्या गावात. यांचं मला माहीत आहे. माझ्याच दारात ऐकलंय."

"पण उत्तर तर तुम्हीच भरलंत ना, एक म्हणून?"

"हो. चूक माझी आहे. तीच दुरुस्त करायला आलेय."

त्यांनी खुर्ची थोडी वळवली. ते वाईट नव्हते. त्यांना कटकट नको होती. "असं करू. सहा गुणांनी जातायत ना? सहा ग्रेस देऊन टाकू. विषय संपला. उत्तर बदलायला नको, वर कळवायला नको."

मी वही उघडी धरून उभी होते. माझ्या तीन मुद्द्यांत ग्रेस कुठेच नव्हतं. नाही म्हणावं तर बाईंची खुर्ची जाते, हो म्हणावं तर बरोबर उत्तराला चूक म्हणून वर दया करायची. मी म्हटलं, "त्यांना विचारते."

बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. पाळी संपवून निकालाला आल्या होत्या. गावची एसटी पावणेसहाला, आणि घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. मी सगळं सांगितलं. चोवीस, शून्य, लाभ, आणि सहा ग्रेस.

त्यांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मॅडम, एक कोन म्हनतो पायलीला? दरवर्षी खळ्यातला भात मी मोजतंय. सासू मोजायची, तिच्या पाठी मी. पयल्याला एक म्हटलं तर ती माप हातातून काढून घेयाची."

"मला पटलंय. त्यांना पटत नाही."

"मग ग्रेस नको."

"ताई, उद्या सकाळी नाव द्यायचंय."

"माझा चुकला असंल तर नापास करा. बरोबर असंल तर बरोबर म्हना." त्या उठल्या, पदर खोचला. "टेबलावरच्या बाया विचारतील, कशी पास झालीस. काय सांगू? सायबांना दया आली?"

आम्ही दोघी आत गेलो. संचालकांना ते अपेक्षित नव्हतं. बाईंनी जे मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, फक्त सासूचा भाग गाळून.

ते म्हणाले, "बरं. तुम्हाला खरंच येतं का, हे मी बघतो. पाठ केलेलं नको. आता माझ्यासमोर. सात पायल्या, आणि उलट्या मोजायच्या. सातपासून खाली."

मी म्हटलं, "सर, हे चाचणीत नव्हतं."

"तुमच्या चाचणीत लाभही नव्हता, मॅडम."

मला चढलेला राग मी गिळला, कारण बाई तोवर त्यांच्याच संगणकासमोर बसल्याही होत्या. नखांत आंब्याचा पिवळा रंग. एका बोटाने टंकत होत्या. माझ्या मनात एकच: पायथॉनमध्ये मोजणी कुठे थांबवायची तो आकडा दिला, की तो आकडा स्वतः मोजला जात नाही. मोजणी त्याच्या अलीकडेच थांबते. नवशिके इथे हमखास पडतात. सातपासून एकपर्यंत यायचं, म्हणून ते थांबायच्या जागी एक लिहितात, आणि मोजणी दोनवर संपते. मी बाईंच्या मागे उभी होते. त्यांनी थांबायच्या जागी एक लिहिला.

बोलणं शक्य नव्हतं. खोकणंसुद्धा लबाडी झाली असती. मी वहीचा कोपरा दुमडत राहिले.

त्यांनी बटन दाबलं. पडद्यावर सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. संपलं.

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत, पण हसणार होते.

बाई पडद्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मग एकदम म्हणाल्या, "अगो बाय! लाभ राह्यला!"

"काय राहिलं?" संचालकांनी विचारलं.

"लाभ राह्यला ना, सायेब. सहाच मापं झाली. पयलंच माप पोत्यात राह्यलं." बोट त्या ओळीवर ठेवून त्या पुटपुटल्या, "एकावर थांब म्हटलं तर एकाच्या आधीच थांबतंय ह्यो. म्हंजे शून्यावर थांब म्हनायला हवं." एकाचं शून्य केलं. बटन दाबलं. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, लाभ.

मी बरीच वर्षं ही चूक बघतेय. चांगले शिकलेले लोक ओळी मोजत नाहीत, एक आकडा कमी आला तर त्यांना दिसतही नाही. या बाईंना दिसला, कारण त्यांच्या यादीतल्या पहिल्या मापाला नाव होतं. नाव असलेली वस्तू हरवली की कळते.

हे मी संचालकांना बोलून दाखवलं नाही. कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "उत्तरात दुरुस्ती. कारण: प्रश्नकर्तीची चूक. मी लिहिलंय, माझी सही आहे. तुमची इथे."

"मुख्य कार्यालय विचारेल, मॅडम."

"विचारू दे. माझा नंबर आहे त्यांच्याकडे. आणि पाच ओळी हाताने छापणाऱ्याला आपण दहापैकी दहा दिलेत, तेही मला त्यांना सांगायचंय."

सही झाली. पावणेसहाला सात मिनिटं कमी होती. मी चौतीस गुणांचं पत्रक छापलं, शिक्का मारला. बाईंनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी डब्याच्या खाली ठेवली आणि जिना उतरून स्टँडकडे धावल्या. धन्यवाद वगैरे म्हणाल्या नाहीत. कशाबद्दल म्हणायचं?

मागून संचालक म्हणाले, "पुढच्या वेळी प्रश्न नीट काढा, मॅडम."

"प्रश्न नीटच आहे," मी म्हटलं. "उत्तर नीट लिहीन."

पुढच्या बॅचच्या वेळी मुख्य कार्यालयातून पुन्हा इंग्रजी पेपर आला, सोबत एक पत्र, की प्रश्न प्रमाणभूत असावेत. पत्र मी फाइलला लावलं. पेपर खणात ठेवला, कोऱ्या बाजूला कच्चं काम करायला बरा पडतो. पायलीचा प्रश्न तसाच ठेवला, एक शब्दही न बदलता. उत्तराच्या रकान्यात आता दोन उत्तरं आहेत. लाभ वरती, एक खाली.

बाई नोंदणीच्या खोलीत आहेत. मध्ये त्यांचा फोन आला होता, क्रेट मोजायच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी अडलं होतं म्हणून. अडचण सुटल्यावर मी गमतीने विचारलं, "पहिल्या क्रेटला लाभ छापत नाही ना?"

"काय मॅडम तुम्ही पन!" त्या वैतागून म्हणाल्या. "क्रेटला एकच म्हनायचं. लाभ धान्याला."