साहेबांच्या शर्टाचा उजेड

कुणीही लग्नाचा फोटो दाखवला की आप्पा तो दोन बोटांत धरत, मेलेल्या पालीची शेपटी धरावी तसा. मग तोंड वाकडं करून म्हणत, "शी. ह्यो फोटो हाय व्हय? चुना फासलाय."

दौंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माणसाच्या चेहऱ्यावर समोरून फ्लॅश मारणं त्यांच्या लेखी तोंडावर थुंकण्यासारखं होतं. ते फ्लॅशचं डोकं पांढऱ्या भिंतीकडे वळवत. गिऱ्हाईक वैतागे, "आप्पा, फोटो माझा काढताय का भिंतीचा?"

"भिंतीवरनं उजेड मऊ येतो. गप बस."

मी सावळी आहे. तुम्हीही असाल, तर पुढचं सांगायला नको. स्थळांना पाठवायचा माझा फोटो आईनं हट्टानं दुसरीकडून काढून आणला. त्यात मी पिठाच्या डब्यातून निघाल्यासारखी दिसत होते. निमोण्याची मंडळी आली, त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पोहे संपवले आणि निघून गेली. त्या फोटोची मला अजून किळस येते. पुढे भांडगावला लग्न ठरलं, तेव्हा मी आप्पांना एवढंच म्हणाले, "लग्नात तरी मला माझ्यासारखी काढा."

"तूच दिसशील," आप्पा म्हणाले.

कार्यालयात मात्र सगळं लाल. लाल पडदे, लाल छत. त्यावरून येणारा उजेडही लालच पडणार. आप्पा स्टेजवर इकडेतिकडे बघत "शी, शी" करत होते. तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ते आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, छाती रुंद. आप्पांनी त्या शर्टाकडे भिंतीकडे बघावं तसं पाहिलं.

"सायेब, हितं या माझ्या बाजूला. छाती हिकडं करा."

फ्लॅश साहेबांच्या छातीकडे वळला आणि कॅमेरा माझ्याकडे. ज्याच्यावर फ्लॅश त्याचा फोटो, अशी साहेबांची समजूत. ते हात जोडून हसत राहिले. "आजून एक, सायेब," म्हणत आप्पांनी मला पोटभर काढलं.

अल्बम आला. त्यात मी सावळी होते, नाकावरचा तीळसुद्धा जागेवर होता. मी रडले.

मग साहेबांचा माणूस त्यांचे फोटो मागायला आला. एका फोटोत कोपऱ्यात साहेबांची बाही तेवढी होती. आप्पांनी काहीतरी थाप मारली असती तर निभावलं असतं. ते म्हणाले, "सायबांचा फोटो न्हाई काढला. नुस्ता शर्ट वापरला."

त्यानंतर साहेब जाणार त्या लग्नाला आप्पांना कुणी बोलावेना, आणि साहेब तर सगळीकडेच जातात. दौंड नाही, शिरूर नाही. लोक गोड बोलून टाळत. त्यात आमचे नातेवाईकही होते; मला त्या सगळ्यांचा वीट आला. आप्पा पासपोर्ट फोटोंवर आले. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "तुझा फोटू चांगला आलाय का न्हाई? मग झालं."

गेल्या वर्षी आप्पा गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. मधोमध साहेब, हात जोडून, तसाच पांढरा शर्ट घालून. आप्पा खाली कोपऱ्यात. कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश समोरून मारलेला. नाक चकाकतंय, बाकी चेहरा पांढराफटक.

"शी," मी भर चौकात मोठ्यानं म्हणाले.

शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं, ताई?"

"चुना फासलाय," मी म्हणाले. "आप्पा असे दिसत नव्हते."