सिबिऊच्या घरांचे डोळे

“माझं घर आंधळं केलंत तुम्ही!” स्पीकरवरून हेल्गाबाई कडाडल्या आणि कुंभकोणमच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या.

हेल्गाबाई रुमानियातल्या सिबिऊ शहरच्या. त्यांच्यासाठी तिथल्या जुन्या इमारतींची ड्रॉइंग्ज आम्ही करायचो. तिकडून लेझर स्कॅन यायचा, म्हणजे इमारतीचा नुसता ठिपक्यांचा ढग. त्यातून आम्ही रेषा काढायच्या. तिथला मोठा चौक, कौन्सिल टॉवर, कुणी खोटं बोललं की हलतो म्हणतात तो लोखंडी पूल, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. सिबिऊला मी कधी गेलो नाही, पण रिटायर झाल्यावर आठवण येते ती तिथल्याच गल्ल्यांची.

तिथल्या कौलारू छपरांना, माळ्यावर हवा खेळावी म्हणून, अर्धमिटल्या डोळ्यांसारख्या खिडक्या असतात. बाई ज्या घरात जन्मल्या, त्याच्या ड्रॉइंगमध्ये नेमक्या त्याच नव्हत्या. तासाभरात नगरपालिकेत दुरुस्तीच्या मंजुरीची बैठक होती. कागदावर नाही ते छपरावरही राहणार नव्हतं.

“मॅडम, सॉफ्टवेअर प्रॉब्लेम आहे,” आमचे बॉस म्हणाले.

“हेच आमच्या पुलावर उभं राहून सांगा!”

ड्रॉइंग सेल्वमचं होतं. त्याचं घराणं आमच्या जवळच्याच स्वामीमलै गावच्या मूर्तिकारांचं. मी विचारलं, “डोळे कुठे आहेत रे?”

“राव सार, डोळे शेवटी उघडायचे ना? शुक्रवारचा राहुकाळ चालू आहे. बारानंतर काढणार होतो. बॉसनी आधीच फाइल पाठवली.”

त्याच्या घरी मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, वेळ पाहून कोरतात. बारा वाजायला अजून अर्धा तास होता.

“आत्ताच्या आत्ता काढ!” बॉस ओरडले. सेल्वम मान खाली घालून बसला. मी फोन घेतला आणि बाईंना खरं काय ते सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, “आमचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी जर्मन मुलखातून इथे आले. आता आमची बोली ऐकून जर्मनीत लोक हसतात. आमची बहुतेक माणसं निघून गेली, घरं तेवढी वाट बघत राहिलीत. तुमच्याकडे बारा वाजले की उघडा डोळे. मी थांबते.”

आमचेही पूर्वज असेच कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला आलेले. पुण्यात माझं तंजावरी मराठी ऐकून हसणारे नातलग मला आठवले.

बारा वाजले. सेल्वमने हात जोडले, स्क्रीन शेअर केली आणि एकेक डोळा काढला. शेवटच्या डोळ्याला बाई हळूच म्हणाल्या, “याच्यामागे मी लपायचे. आई खालून हाका मारायची.”

मंजुरी मिळाली. त्यानंतर फाइल पाठवण्याआधी बॉस न चुकता विचारायचे, “कुणाचा राहुकाळ चालू नाही ना?”