समोरच्या मनोऱ्याची खिडकी

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्काला, कुजबुजता येत नाही. दवाखान्यात कुणी म्हणालं, "आजी, हळू बोला," तर ती "हळूच बोलतेय की!" असं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगते. तिचा तरी काय दोष? अर्धं आयुष्य डोंगरमाथ्यावरच्या लोखंडी मनोऱ्यात गेलं. तिथे वारा माणसाला बोलू देतो होय?

काम वणव्यावर नजर ठेवायचं. मनोऱ्याच्या टोकाला चारी बाजूंनी काचा लावलेली एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर आकडे कोरलेली गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी पितळी पट्टी. धूर दिसला की पट्टी धुराकडे फिरवायची आणि आकडा वायरलेसवर खाली कचेरीला सांगायचा. पण एका मनोऱ्यावरून नुसती दिशा कळते, आग जवळ आहे की लांब हे कळत नाही. म्हणून दरीपलीकडच्या डोंगरावर दुसरा मनोरा होता. तिथला राखणदारही आपला आकडा सांगे. कचेरीत नकाशावर दोघांच्या दोन रेघा ओढायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतील, तिथे माणसं धाडायची.

त्या राखणदाराला अक्का 'समोरचे' म्हणायची. दोघांची भेट कधी झाली नाही, कारण दोन्ही मनोरे एकदम रिकामे ठेवायचे नाहीत असा नियम. पण वायरलेसवर सकाळ झाली रे झाली की सुरू.

"बाई, जाग आहे का?"

"मी झोपले तर जंगलाची राख होईल. तुम्ही दाढी केलीत का ते सांगा."

"दुर्बिणीतून दिसतेय वाटतं!"

"दुर्बीण कशाला हवी? पाखरं बसायला लागलीत तुमच्या दाढीत."

अशात एकदा समोरचे म्हणाले, "बाई, रागावू नका, पण तुमचा मनोरा उजवीकडे कललाय."

"मनोरा ठीक आहे, तुमची मान वाकडी आहे," अक्का म्हणाली, आणि दोघंही हसली.

पण त्याच उन्हाळ्यात एक वणवा लागला आणि दोन रेघा भलत्याच घळीत जाऊन भेटल्या. माणसं तिथे शोधत राहिली, आग शेजारच्या घळीत वाढत राहिली. उशिरा पोचलेल्यांपैकी एका तरण्या वनरक्षकाचा पाय भाजला, तो कायमचा लंगडला. कचेरी म्हणाली, वाऱ्याने धूर हलला असेल. कुणी कुणाला बोल लावला नाही. अक्काच्या डोक्यात मात्र तो 'कललाय' जो घुसला, तो निघेना. मनोरा कलला तर टेबल कललं, टेबल कललं तर आपला आकडा चुकला. तिने साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "उभा आहे ना अजून? मग झालं." ती टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून निरखत बसायची. पाणी कधी सरळ वाटे, कधी तिरकं. मनात शंका शिरली की पाण्याचाही भरवसा राहत नाही.

आता मी आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. हे सगळं तिने मला म्हातारपणी सांगितलं तेव्हा मी चिडलोच. "तेव्हाच बोलवायचंस ना मला!"

"तुला सांगायचं म्हणजे गावभर दवंडी," अक्का म्हणाली. हेही खोटं नाही म्हणा.

नोकरी संपल्यावर तिला नाद लागला रानावनातले बंद पडलेले मनोरे बघत हिंडायचा. सोबतीला मी. एकात घुबडाचा संसार, एकात मधमाश्यांचा. त्या मधमाश्यांनी माझं तोंड असं सुजवलं की घरी माझ्याच बायकोने मला ओळखलं नाही. पण ते राहू द्या. सांगायचं असं, की अक्का सगळीकडे जायची, फक्त समोरच्यांच्या मनोऱ्याचा विषय निघाला की तिचे गुडघे दुखायचे.

मग कळलं, जंगल खातं दोन्ही मनोरे पाडणार. अक्काच्या मनोऱ्याचा तर जिना कापूनही नेलेला. त्या दिवशी अक्का म्हणाली, "गवंड्या, चल. त्यांच्या खिडकीतून मला एकदा बघायचंय."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना कोण विचारतंय!"

वाट काटेरी झुडपांनी गिळलेली. जिना गंजका, पायाखाली करकरणारा. अक्का पुढे, मी मागे. ती पडली तर माझ्यावर पडावी, असा तिचाच बेत. वरच्या खोलीत एक मोडकी खुर्ची, टेबल आणि गंजलेली तबकडी. काचेवर इतका मळ, की अक्काने रुमाल ओला करून घासघासून एक झरोका मोकळा केला आणि डोळा लावला.

लांब, पलीकडच्या डोंगरावर तिचा मनोरा उभा होता. खिडकीच्या चौकटीशी ताडून पाहिला तर चक्क उजवीकडे कललेला.

अक्का खुर्चीत बसली. "खरं बोलत होते रे ते," ती म्हणाली. "त्या पोराचा पाय माझ्यामुळे गेला."

आणि हे ती कुजबुजली. जन्मात पहिल्यांदा. मग तिने डोळ्यांना पदर लावला.

बाईमाणसाचं रडू थांबवायची मला एकच युक्ती येते, चहा. थर्मासचं झाकण टेबलावर ठेवून काठोकाठ ओतायला गेलो, तर एकीकडची कड कोरडी आणि दुसरीकडून चहा उतू. पुन्हा ओतला, पुन्हा तेच.

"सांडतोयस काय आंधळ्यासारखा!" अक्का.

"मी नाही सांडत," मी म्हणालो, आणि पिशवीतून ओळंबा काढला. हसू नका. कुणी चष्मा बाळगतो, मी ओळंबा बाळगतो. दोरीला लटकणारं वजन स्थिर होऊ दिलं आणि दोरी डोळ्यांसमोर धरली. दोरी आणि अक्काचा मनोरा एकावर एक, केसाचाही फरक नाही. तिरकी होती ती खिडकी. खिडकी, टेबल, तबकडी, समोरच्यांची अख्खी खोली!

अक्काने दोरी माझ्या हातातून घेतली. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. "सरळ आहे," ती म्हणाली. मग इतक्या जोरात ओरडली, "सरळ आहे रे माझा!" की छपरावरचे पारवे उडाले.

समोरचे आता मुलीकडे असतात, खाटेला खिळलेले. आठवड्यातून एकदा फोन करतात. त्या आठवड्यात केला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, आता दोघांची कशी जुंपते ते ऐकायला कान टवकारून.

"बाई, जाऊन आलात म्हणे माझ्या खोलीत. पाहिलात ना? कललाय ना तुमचा?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "कललाय हो, जरासा," ती म्हणाली.

मी टुणकन उठलो, तर तिने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"पण काय हो, तुमची काच! पुसली होतीत का कधी? अशा काचेतून जंगल राखत होतात तुम्ही?"

पलीकडे समोरचे खो खो हसत सुटले, खोकला येईपर्यंत.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अगं, खोटं कशाला? एवढी वर्षं तू जळत राहिलीस!"

"म्हणूनच," अक्का म्हणाली. "मी जळले ते पुरे. त्यांनी आता खाटेवरून उठून पाण्याचे ग्लास बघत बसायचं का?" मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "आणि गावभर सांगत फिरू नकोस."

फिरलो नाही. लिहिलं फक्त. लिहू नकोस असं ती कुठे म्हणाली होती?